मॅटर बसवण्याची सोपी पद्धत : नवोदित डीटीपी ऑपरेटरांसाठी

अभिनंदन! तुम्हाला ऑपरेटरची खुर्ची मिळाली. तिचं एक चाक निखळलंय, पण त्याची सवय होते. समोर दिवाळी अंकाचं पान आहे. लेखकांकडे १२०० शब्द मागितले होते, त्यांनी १७०० पाठवलेत. लेखक ज्येष्ठ आहेत, त्यामुळे एक शब्द कापायचा नाही. खालच्या जाहिरातीचे पैसे आगाऊ आलेत, त्यामुळे ती हलवायची नाही. राहता राहिली अक्षरं. त्यांच्या बाजूने भांडायला कुणी येत नाही.

१. पानाचे चार अरुंद कॉलम पाडा आणि मॅटर दोन्ही बाजूंनी जस्टिफाय करा. संपादकांना कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या लागतात, मधलं कुणी बघत नाही. आता 'महानगरपालिकेच्यासुद्धा'सारखा शब्द येऊ द्या. तो ओळीत मावणार नाही, हायफन टाकून तोडलेला संपादकांना खपणार नाही, म्हणून तो आख्खा खाली उतरेल. वरच्या ओळीत उरतील 'आणि' व 'तो'. एक ठाण्याला, दुसरा पनवेलला. परिच्छेदाची शेवटची ओळ तोकडी राहिली असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबा, म्हणजे तिच्यातले तीन शब्दही या टोकापासून त्या टोकापर्यंत पांगतील.

२. शब्दांमधली भोकं डोळ्यांत खुपू लागली की अक्षरांकडे वळा. इनडिझाइनमध्ये जस्टिफिकेशनची खिडकी उघडा. शब्दांमधल्या अंतरासाठी तिथे ८०, १०० आणि १३३ टक्के असे आकडे दिसतील, तर अक्षरांमधल्या अंतरासाठी शून्य, शून्य, शून्य. कंपनीने रकाने रिकामे ठेवलेत, ते आपण भरायचे असतात. कमाल रकान्यात बिनधास्त २५ टाका.

रोमन अक्षरं मुळातच सुटी उभी असतात, थोडी लांब सरकली तरी शब्द तगून जातो. आपली अक्षरं वरून एका रेषेला बांधलेली. अंतर वाढवलं की पहिल्यांदा ती रेषाच तुटते आणि प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा तुकडा डोक्यावर घेऊन एकटं उभं राहतं. खिळे जुळवण्याच्या काळात असं करायचं तर प्रत्येक फटीत हाताने शिशाचा तुकडा बसवावा लागे, म्हणून जुळारी त्या वाटेला सहसा जात नसत. बिचाऱ्यांची सोय नव्हती. तुमची आहे.

३. जुना, युनिकोडच्या आधीचा फॉन्ट असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली, तरी ती उघडणारा एखादा संगणक कोपऱ्यात धूळ खात असतोच. या फॉन्टांत अक्षर सुट्या भागांतून जोडलेलं असतं. कृतिदेवमध्ये 'शेष' टाइप करा : अर्धा श, काना, मात्रा, अर्धा ष, पुन्हा काना. दोन अक्षरांच्या पाच कळा. आता ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवा. श एकीकडे, त्याचा काना दुसरीकडे, आणि मात्रा कुणाची याचा पत्ता नाही. 'धर्म'मधला रफार म सोडून पुढच्या शब्दाकडे झुकला तर घाबरू नका, तेवढ्यावरून कुणी मोर्चा काढत नाही.

४. मॅटर पसरवायचं नसून कोंबायचं असेल तर ट्रॅकिंग उणे करा. मजकूर निवडा, आल्ट धरून डावा बाण दाबा. एका दाबाला एमचे २० हजारांश कमी होतात. पहिला दाब कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा प्रूफरीडरच्या येतो, पण त्यांना रोजावर बोलावलेलं असतं. चौथ्यानंतर वेलांट्या शेजारच्या कान्यांत शिरतात. लेख वरपासून एकसारखा आवळायची गरज नाही. पान भरत आल्याशिवाय मॅटर जास्त झाल्याचं कळतच नाही, त्यामुळे पहिला परिच्छेद ऐसपैस आणि शेवटचा श्वास कोंडलेला, हाच प्रस्थापित शिरस्ता आहे. तरीही चार ओळी उरल्या तर अक्षरांची रुंदी ९० टक्क्यांवर आणा. उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते.

५. लेखकांनी मजकूर व्हॉट्सॲपवरून पाठवलाय? मग तो युनिकोडमध्ये असणार. इनडिझाइनमध्ये चिकटवल्यावर 'विद्यार्थी'ची पहिली वेलांटी व च्या पलीकडे उडी मारेल आणि जोडाक्षरं पाय मोडून बसतील. यावर इलाज आहे. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा. २०१२ च्या सीएस६ पासून ही सोय उघड्यावर ठेवलेली आहे. पण दोन क्लिकमध्ये काम उरकलं तर मालक तुमच्या पगाराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतील. त्यापेक्षा कन्व्हर्टर शोधा, मजकूर जुन्या फॉन्टात आणा आणि त्याने बिघडवलेले 'ऱ्या' नि 'ॲ' हाताने दुरुस्त करत रात्र काढा. चहा ऑफिसचा असतो.

६. कुणी विचारलंच, "हे असं का दिसतंय?" तर उत्तरं क्रमाने द्या. छपाईआधी : "स्क्रीनवर तसं वाटतं, प्रिंटला नीट येईल." छपाईनंतर : "प्लेट काढताना झालं असेल." प्लेटवाला समोरच उभा असेल तर : "फॉन्ट एम्बेड झाला नसेल."

काही घातक प्रकारांपासून मात्र सांभाळा. कंट्रोल-आल्ट-क्यू चुकूनही दाबू नका, सगळं हाताने केलेलं ट्रॅकिंग एका झटक्यात शून्यावर येतं. कॉलम तीनच करून उजवी कड मोकळी सोडावी, असा विचार मनात आला तर पाणी प्या. आणि लेखकांना फोन करून "सर, पाचशे शब्द कमी कराल का?" असं विचारण्याचा तर प्रश्नच नाही. ते हो म्हणाले तर काय घ्या!

शेवटी शीर्षकाखालचं नाव. अंक हाती पडल्यावर लेखक तेवढंच आधी बघतात, म्हणून तिथे हात आखडू नका. ट्रॅकिंग अधिक २०० ठेवा. नावातली अक्षरं एकेकटी, ऐटीत उभी राहिली पाहिजेत. ते वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसलाच तर "मॉडर्न ले-आउट आहे, सर" म्हणा आणि पुढचं पान उघडा.