आठ नको, चार नको

स्कूटर घ्यायचं ठरलं तेव्हा भांडण रंगावरून होणार, असा माझा अंदाज होता. रंग पाच मिनिटांत ठरला. शोरूममधल्या पोराने फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "काका, नंबर पसंतीचा हवा का येईल तो चालेल?" "येईल तो," असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ही म्हणाली, "घरी विचारून सांगतो." तिथून पुढचा आठवडा आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

खरं सांगायचं तर मलाही मनातून बरंच वाटलं. अकरावीत मला जमलेलं एकमेव गणित म्हणजे परम्युटेशन-कॉम्बिनेशन. तीन शर्ट आणि दोन पँटी असतील तर पोशाख किती, असं सर विचारायचे. सहा, हे उत्तर मी सगळ्यांच्या आधी द्यायचो. माझ्याकडे तेव्हा दोनच शर्ट होते, पण गणिताला त्याचं काय! एक निवड इतक्या तऱ्हांनी, दुसरी तितक्या तऱ्हांनी, की दोन्हींचा गुणाकार करायचा. सगळी विद्या एवढीच. त्या रात्री जेवणं झाल्यावर वीजबिलाच्या पाठीमागे मी हिशेब मांडला.

आमची गाडी एमएच १२. एरवी बारा वाजले म्हणजे कुणाचं तरी वाटोळं झालेलं असतं. पुण्यात मात्र बारा हा कुळाचा अभिमान आहे, आणि एमएच १४ ची गाडी आडवी आली की पुणेकर "पिंपरी-चिंचवडकर" एवढंच म्हणून सगळं सांगतो. तर एमएच १२ च्या पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे. इंग्रजी अक्षरं सव्वीस, पण त्यातली आय आणि ओ परिवहन खात्याने वाळीत टाकली आहेत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. राहिली चोवीस. चोवीस गुणिले चोवीस म्हणजे ५७६ सिरीज. प्रत्येक सिरीजमध्ये ०००१ ते ९९९९ असे ९,९९९ नंबर. गुणाकार ५७ लाख ५९ हजार ४२४. पूर्वीच्या एकाच अक्षराच्या चोवीस सिरीज त्यात मिळवल्या, तर बेरीज होते ५९ लाख ९९ हजार ४००. साठ लाखांना फक्त सहाशे कमी! ते सहाशे गेले कुठे, म्हणून मी अर्धा तास डोकं खाजवलं. मग लक्षात आलं: सहाशे सिरीजमधला प्रत्येकी एक, चार शून्यांचा नंबर कुणाला मिळत नाही.

दोन अक्षरं संपली तर? या प्रश्नाने मला झोप येईना. तिसरं अक्षर दिलं तर एकट्या एमएच १२ ला १३ कोटी ८२ लाखांहून जास्त नंबर मिळतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला पुणं पासिंगची गाडी दिली, तरी दोन कोटींवर नंबर शिल्लक. नंबरांची टंचाई नाही, हे एकदाचं सिद्ध झालं. गाडी लावायची कुठे, हे कॉम्बिनेशनमध्ये येत नाही.

सकाळी मी हा आनंद चहाबरोबर वाटायला गेलो. आई म्हणाली, "ते असू दे. आठ नको. आठ शनीचा."

ठीक. चार जागा, प्रत्येकी दहाऐवजी नऊ आकडे. नऊचा चौथा घात, वजा चार शून्यं: ६,५६०. एका वाक्यात म्हातारीने ३,४३९ नंबर कापले. तरी बरेच उरले होते.

मग मेव्हणीचा फोन. तिने अंकशास्त्राचा ऑनलाइन कोर्स केल्यापासून आमच्या घरातलं काहीही तिच्या सहीशिवाय होत नाही. "भाऊजी, चार पण नको हं, तो राहूचा. आणि बेरीज नऊ आली पाहिजे." चार काढला, ४,०९५ राहिले. आता बेरीज. ०००१ पासून ९९९९ पर्यंतच्या आकड्यांची एकअंकी होईपर्यंत बेरीज केली, तर एक ते नऊ प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर १,१११ नंबर येतात. ग्रहांमध्ये इतकी समान वाटणी दुसरीकडे कुठे नसेल. पण आठ आणि चार आधीच हद्दपार, म्हणून नऊवाले उरले ४५५. (रामानुजनांनी हार्डींच्या टॅक्सीचा १७२९ हा नंबर अमर केला. मी तोही तपासून पाहिला. बेरीज एक. मेव्हणीकडे नापास.)

चिरंजीव म्हणाले, "बाबा, उलटसुलट सारखाच वाचता आला पाहिजे. लक्षात राहतो." त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या सोसायटीत दोन गाड्यांचे शेवटचे चार आकडे एकच आहेत आणि वॉचमन रोज चुकीच्या माणसाला खाली बोलावतो. हा योगायोग नव्हे. आकडे कसेही पडले असं धरलं, तर साधारण एकशेवीस गाड्या एका पार्किंगात आल्या की असली जोडी असण्याचीच शक्यता जास्त. हे मी वॉचमनला समजावलं. तो म्हणाला, "साहेब, मग तुम्हीच खाली येत जा."

मुलाची अट घातली आणि ४५५ चे झाले सात. ०९९०, ९००९, २७७२, ७२२७, ३६६३, ६३३६ आणि ९९९९. एका सिरीजमधल्या ९,९९९ वरून सातवर! ही म्हणाली, "शून्य नको बाई, नव्या गाडीला." राहिले पाच. ९९९९ चं नाव काढताच मी पाकीट घट्ट धरलं. २०२४ मध्ये पसंतीच्या नंबरांचे दर वाढले, तेव्हा मुंबई-पुण्यात चारचाकीच्या ०००१ चं शुल्क सहा लाख झालं. तेवढ्यात माझ्या स्कूटरसारख्या पाच स्कूटर येतील. आणि एवढे पैसे भरून लोक करतात काय, तर ८०५५ इंग्रजीत वेलांट्या देऊन लिहितात आणि ते 'बॉस' असं वाचा म्हणतात. मला ऑफिसात कधी कुणी बॉस म्हटलं नाही. स्कूटरने म्हणावं अशी अपेक्षा नाही.

चारांवर एकमत होईना. आईला सहा आवडेना, हिला सात. शिवाय त्या चारांपैकी एखादा चालू सिरीजमध्ये शिल्लक असायला हवा, आणि असला तरी त्याचे पैसे भरायला हवेत. मी शोरूममध्ये फोन केला आणि म्हणालो, "येईल तो द्या."

चार दिवसांनी नंबर आला: ८४४८. आठ दोन, चार दोन, बेरीज सहा. आई गाडीला रोज हळदकुंकू वाहते, मेव्हणी रिक्षाने येते. मुलगा खूश आहे; उलटसुलट सारखाच वाचता येतो.