फरशी बसल्यावर बोलावलेला सल्लागार

इमारत उभी राहिली. लॉबीत ग्रॅनाइट बसला, लिफ्ट चालू झाली, आवारात झाडंही लावून झाली. भोगवटा प्रमाणपत्राची फाइल हलायला लागल्यावर कुणाला तरी आठवतं की दिव्यांगांच्या सोयींचा कागद राहिला. मग ॲक्सेसिबिलिटी कन्सल्टंट शोधला जातो. ‘एक व्हिजिट करा आणि रिपोर्ट देऊन टाका,’ एवढंच त्याला सांगितलं जातं.

सुगम्यता सल्लागाराचं काम हे नाही. त्याची गरज नकाशा कागदावर असताना असते. तेव्हा एक रेघ पुसली की दार रुंद होतं. फरशी बसल्यावर त्याच दारासाठी भिंत फोडावी लागते, भिंतीत पाइप असतात, पाइप हलवायचे तर प्लंबर पुन्हा बोलवावा लागतो. साइटवरचे सगळे मग सल्लागाराकडे खर्च वाढवणारा माणूस म्हणून बघतात. खर्च त्याने वाढवलेला नसतो. त्याला उशिरा बोलावणाऱ्याने वाढवलेला असतो.

साधा रॅम्प बघा. हिशेब शाळकरी मुलाला येईल असा आहे: 1 फूट चढायचं तर रॅम्प किमान 12 फूट लांब हवा. जोतं दीड फुटाचं असेल तर 18 फूट. वर आणि खाली खुर्ची वळवायला 5 फूट सपाट जागा, दोन्ही बाजूंना हात धरायला कठडा, आणि पाय किंवा चाक घसरणार नाही अशी फरशी. आता तुमच्या पेठेतल्या, तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही बँकेच्या किंवा दवाखान्याच्या दारात जाऊन बघा. दीड फुटाच्या जोत्याला 6 फुटांचा रॅम्प, त्यावर पॉलिश केलेला दगड, कठडा एका बाजूला किंवा नाहीच.

या फरकाचा अर्थ खुर्ची ढकलणाऱ्याच्या हातांना विचारा. माणूस आणि खुर्ची मिळून 90 किलो धरले, तर 12 फुटांत 1 फूट चढणाऱ्या रॅम्पवर साधारण साडेसात किलोचा भार ढकलावा लागतो. 4 फुटांत 1 फूट चढणाऱ्या रॅम्पवर तोच भार बावीस किलोच्या आसपास जातो. स्वतःची खुर्ची स्वतः चालवणाऱ्याला तो चढ जमत नाही, चढताना खुर्ची मागच्या मागे उलटण्याची आणि उतरताना सरळ रस्त्यावर जाण्याची भीती असते. अशा रॅम्पवरून मोटारसायकल चढते, सामानाचे क्रेट चढतात. माणूस चढत नाही. आणि तरीही तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प: आहे’ अशी खूण होते. ही खूण खोटी आहे, आणि ती करणाऱ्याला ती खोटी असल्याचं ठाऊक असतं.

सल्लागार वेळेवर आला असता तर त्याने रॅम्पचा विषयच काढला नसता. त्याने विचारलं असतं, पायरी कशाला हवी? फाटकापासून लॉबीपर्यंत आवाराची पातळी हळूहळू चढवत आणली, पावसाचं पाणी बाजूला वळवलं, की सगळे एकाच दारातून सरळ आत येतात. खुर्चीवालाही, काठी टेकणारी आजीही, खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला डिलिव्हरीवालाही. युनिव्हर्सल डिझाइन म्हणतात ते हेच. अपंगांसाठी मागच्या बाजूला वेगळं दार करणं ही त्याच्या नेमकी उलटी गोष्ट आहे.

हा विचार ज्याने मांडला त्या रोनाल्ड मेसला लहानपणी, वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाला होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात तो वास्तुकला शिकला, तेव्हा वर्गात जायला त्याला जिन्यावरून उचलून न्यावं लागे. पुढे 1973 मध्ये त्याच राज्यात सुगम्य इमारतींचे नियम आले, त्यामागे त्याचं काम होतं. 1989 मध्ये त्याने तिथल्या विद्यापीठात या विषयाचं केंद्र सुरू केलं, आणि 1997 मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर युनिव्हर्सल डिझाइनची सात तत्त्वं मांडली. ज्याला उचलून नेलं गेलं त्याने पुढच्या पिढीला उचलावं लागू नये अशी व्यवस्था केली.

आपल्याकडे उचलणं अजून चालू आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात विराली मोदी लग्नाच्या नोंदणीला गेल्या. त्या अपंग हक्कांसाठी काम करतात, व्हीलचेअर वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी त्यांना दोन मजले उचलून न्यावं लागलं. त्यांनी ते जाहीरपणे मांडलं, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. माफी मागितली हे बरं झालं. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सरकारी कार्यालय थाटताना त्या जागेचं भाडं ठरवणाऱ्या, फर्निचर बसवणाऱ्या, उद्घाटन करणाऱ्या इतक्या माणसांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही, हे माफीने भरून येत नाही.

कायदा नाही म्हणून हे होतं असं कुणी समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 44 स्पष्ट सांगतं: सुगम्यतेचे नियम पाळलेले नसतील तर नकाशा मंजूर करायचा नाही आणि इमारत वापरायला द्यायची नाही. हे खासगी आस्थापनांनाही लागू आहे, आणि त्या व्याख्येत सहकारी संस्थाही येतात. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत जून 2022 मध्ये संपली. तुमच्या गावातलं तहसील कार्यालय, पोस्ट, कोर्ट डोळ्यांसमोर आणा आणि त्या मुदतीचं काय झालं ते स्वतःच ठरवा.

आणि दंड? पहिल्या वेळी जास्तीत जास्त 10 हजार रुपये. कोट्यवधींच्या प्रकल्पात एवढ्या पैशांत लॉबीतलं एक झुंबरही येत नाही. पुन्हा गुन्हा केला तर 50 हजार ते 5 लाख. पण त्यासाठी पहिला गुन्हा कुणीतरी नोंदवावा लागतो.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना या कायद्याखालच्या नियमांमधलं मोठं भोक दाखवलं. रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत, त्यांची याचिका 2005 ची. न्यायालय म्हणालं, कायदा सुगम्यता सक्तीची करतो आणि तुमचा नियम क्रमांक 15 मात्र नुसत्या शिफारशींकडे बोट दाखवतो, हे कायद्याशी विसंगत आहे. सक्तीचे नियम तीन महिन्यांत वेगळे काढा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. म्हणजे मूळ याचिकेपासून इथवर यायला 19 वर्षं लागली. तेवढ्या काळात या देशात किती जिने बांधून झाले असतील याची कल्पना करा.

पण कायद्याच्या पलीकडे एक दोष या सल्लागारांच्या धंद्यातही आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चांगला सल्लागार मेजपट्टी घेऊन येतो, उतार मोजायचं यंत्र आणतो, दार उघडायला किती जोर लागतो ते बघतो, लिफ्टची बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला येतात का ते तपासतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो माणसं घेऊन येतो. एक खुर्ची वापरणारा, एक न दिसणारा, एक ऐकू न येणारा. ऐकू न येणारा माणूस पहिल्याच मिनिटाला विचारतो, आग लागली तर घंटा वाजेल, ती मला कशी कळणार? दिवा लुकलुकतो का? हा प्रश्न कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा लवकर आणि नेमका येतो. जे सल्लागार माणसं न आणता, ऑफिसात बसून तक्त्यावर खुणा करून प्रमाणपत्र देतात, ते या कामाची अब्रू घालवत आहेत. त्यांना काम देणं बंद करावं.

माणसं न आणल्याचा पुरावा आपल्या प्रत्येक फुटपाथवर आहे. त्या पिवळ्या उठावदार फरश्या जपानच्या सेइची मियाके यांनी 1965 मध्ये तयार केल्या, 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसल्या. त्यांची भाषा अगदी सोपी आहे. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे. आपल्याकडे कंत्राटदार गाडीतून उतरतील तशा त्या बसवतो. पट्ट्या सरळ विजेच्या डीपीवर जाऊन थांबतात, ठिपके मध्येच कुठेही येतात. न दिसणारा माणूस त्या फरशीवर विश्वास ठेवून चालतो. चुकीची फरशी त्याला अपघाताकडे नेते. फरशी नसती तर तो निदान काठीच्या भरवशावर जपून चालला असता.

फुटपाथवर मोटारसायकली चढू नयेत म्हणून मुंबईत बोलार्ड लावले. दोन खांबांमधली जागा इतकी कमी की व्हीलचेअर आत शिरेना. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने ईमेल केल्यावर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. खांब रोवण्याआधी एक खुर्ची तिथून फिरवून बघायला पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांचं काम अखेर उच्च न्यायालयाला करावं लागलं.

वेळेवर विचारलं तर काय होतं, याचा दाखला दिल्ली मेट्रो आहे. 2002 मध्ये ती धावू लागली त्याआधीच अंजली अगरवाल यांच्या ‘समर्थ्यम’सारख्या संस्थांनी पाठपुरावा केला होता, म्हणून लिफ्ट, रुंद फाटकं, मार्गदर्शक फरश्या या गोष्टी स्थानकांच्या नकाशातच आल्या. पुढे पुण्या-मुंबईच्या मेट्रोतही त्या आल्या. पण स्थानकाच्या लिफ्टमधून बाहेर पडलेल्या माणसापुढे फुटलेले पेव्हर ब्लॉक, उघडं चेंबर आणि नऊ इंच उंच फुटपाथ येतो. मेट्रोचं काम एका यंत्रणेचं, फुटपाथ दुसरीचा. दोघांच्या मध्ये माणूस अडकतो, आणि उद्यापासून तो घरीच बसतो.

मग कुणीतरी म्हणतं, ‘आमच्याकडे असे लोक फारसे येत नाहीत.’ 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. कायद्याने आता 21 प्रकार मान्य केले आहेत, तेव्हाच्या मोजणीत ते सगळे नव्हते. शिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, अर्धांगवायूतून सावरणारे, वॉकर घेऊन चालणारे या आकड्यात कुठेच नाहीत. ते येत नाहीत कारण तुम्ही पायऱ्या बांधल्या आहेत.

माझी मागणी सरळ आहे. स्ट्रक्चरल इंजिनीयरच्या सहीशिवाय नकाशा पुढे जात नाही, अग्निशमन दलाच्या ना-हरकतीशिवाय उंच इमारत वापरता येत नाही. तशीच सुगम्यता सल्लागाराची सही नकाशाच्या वेळी एकदा आणि भोगवट्याच्या आधी दुसऱ्यांदा सक्तीची करा. दुसऱ्या सहीच्या वेळी अपंग व्यक्ती इमारतीत प्रत्यक्ष फिरलेली असली पाहिजे. चुकीचा दाखला देणाऱ्याचा परवाना जावा.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती आजचीच आहे. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. जुलै 2019 च्या शासन निर्णयानंतर 51 टक्के सभासदांच्या संमतीवर हा निर्णय होतो. सभेत चर्चा कशाची होते? चटईक्षेत्र किती वाढणार, भाडं किती, कॉर्पस किती, पार्किंग कुणाला. सभेत बसलेले निम्मेअधिक लोक साठीच्या पुढचे असतात, काहीजण लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून महिन्यातून एकदा खाली उतरलेले असतात. तरी बाथरूमच्या दाराची रुंदी कुणी विचारत नाही. ज्या घरात पुढची वीस-तीस वर्षं काढायची, त्यात व्हीलचेअर शिरणार नाही असं दार बसतं, उंबऱ्याला दोन इंचांची कडप्प्याची पट्टी लागते, आणि मग पहिल्या आजारपणात घरच्या माणसाला घरच्याच बाथरूममध्ये उचलून न्यायची पाळी येते.

तेव्हा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमतानाच सुगम्यता सल्लागारही नेमा. बिल्डरशी होणाऱ्या करारात लिहून घ्या की फाटकापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नसेल, लिफ्टचं दार उघडल्यावर 900 मिलिमीटर मोकळी जागा मिळेल आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल. प्रत्येक घरात निदान एका बाथरूमचं दार तेवढंच रुंद आणि बिनउंबऱ्याचं असेल, तिथल्या भिंती पुढे आधाराचे दांडे बसवता येतील इतक्या भक्कम असतील. शेवटचा हप्ता या तपासणीला बांधा. करारावर सही होण्याआधी बिल्डर हे सगळं ऐकून घेतो, नंतर घेत नाही. तुमच्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा जवळ आली असेल तर हा विषय अजेंड्यावर घ्या असं पत्र आजच सचिवांना द्या, आणि त्याची पोच घ्या.