रिव्हर्स का लागत नाही, ते गाडीला माहीत असतं

गाडी पुढे जाते, मागे येत नाही. नाक पार्किंगच्या भिंतीला, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गाड्या, आणि डॅशबोर्डवर इंग्रजीत एकच ओळ: सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. इलेक्ट्रिक गाडी नवी असेल तर मालकाच्या पोटात गोळाच येतो. मोटर गेली!

मोटर गेलेली नसते. गाडी पुढे नीट चालत असेल तर मोटर, इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी तिन्ही शाबूत आहेत, कारण मागे जायलाही हीच तिन्ही लागतात. पेट्रोलच्या मॅन्युअल गाडीत रिव्हर्सचे दाते वेगळे असतात. ते झिजतात, गिअरची केबल तुटते. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत रिव्हर्सचा गिअरच नसतो. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, हे पंप वापरणाऱ्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गाडीतला इन्व्हर्टर हेच काम वायरींना हात न लावता करतो.

म्हणून मधल्या कन्सोलवरचं गिअर निवडायचं गोल बटण फिरवलं की गिअर पडत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरकडे फक्त मागणी जाते. कॉम्प्युटर आधी अटी तपासतो. गाडी ‘रेडी’ झाली आहे का? चार्जिंगची गन निघाली आहे का? ब्रेक दाबलाय का? गाडी जवळपास थांबली आहे का? काही मॉडेलांत दार आणि सीटबेल्टही बघितला जातो. एक अट अपुरी राहिली की मागणी नामंजूर.

इथून पुढचा तपास कुणालाही जमेल. ‘डी’ (पुढे) लागतो आणि फक्त ‘आर’ (मागे) लागत नाही, तर संशय त्या बटणावर, त्याच्या सेन्सरवर आणि त्याला जोडलेल्या वायरीवर. कप ठेवायची जागा बटणाच्या शेजारी देणाऱ्यांनी चहा सांडेल याचा विचार करायला हवा होता. ‘डी’ आणि ‘आर’ दोन्ही लागत नसतील तर गन पुन्हा लावून काढा, चार्जिंगचं झाकण बघा. मग कुणाला तरी गाडीच्या मागे, पण बाजूला उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचे दिवे लागले नाहीत तर पेडलवरचा स्विच तपासायला सांगा. तो छोटा, स्वस्त भाग आहे, आणि तो बिघडला की लाखोंची गाडी जागची हलत नाही.

त्यानंतर बारा व्होल्टची बॅटरी. लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे. ॲपवर ऐंशी टक्के चार्ज दिसतो, म्हणजे बॅटरी ठीक, असं आपण धरून चालतो. ते टक्के मोठ्या बॅटरीचे. कॉम्प्युटर, कुलपं, रिले हे सगळं मात्र छोट्या बॅटरीवर चालतं, आणि तिचा आकडा बहुतेक डॅशबोर्डवर दिसतच नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली, त्यात डॅशकॅम चालू राहिला, की ती उतरते. मल्टीमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर विसावलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. बाराच्या खाली असेल तर दुसरीकडे शोधू नका. ही बॅटरी पूर्ण उतरली की बऱ्याच गाड्यांत न्यूट्रलही लागत नाही, म्हणजे ढकलून बाहेर काढायची सोयही संपली. फक्त ‘आर’ गेला तर ‘डी’वर तरी बाहेर निघता यावं, म्हणून मी सगळ्यांना सांगतो, इलेक्ट्रिक गाडी पार्किंगमध्ये उलटी घाला. आणि उच्च दाबाच्या, नारिंगी वेष्टनाच्या वायरींना कुणीही, कितीही हुशार असला तरी, हात लावू नये.

‘बंद करून चालू कर’ हा सल्ला वाईट नाही, पुष्कळदा लागूही पडतो. पण आधी डॅशबोर्डचा फोटो काढा. गाडी बंद-चालू झाली की इशारा जातो, कारण तिथेच राहतं, आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, ‘साहेब, आमच्याकडे तर बरोबर चालली.’

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. यातली कोणती अट अपुरी राहिली, हे कॉम्प्युटरला त्याच क्षणी कळलेलं असतं. मग ‘ब्रेकचा सिग्नल मिळत नाही’ एवढं मराठीत लिहायला काय हरकत आहे? पडदा हातभर मोठा आहे, त्यावर गाण्याच्या अल्बमचं चित्र दिसतं. मालकाला कारण तेवढं दिसत नाही.

याचं मूळ कायद्यात आहे. गाडीचे दोष स्वस्त यंत्रावर कुणालाही वाचता यावेत, ही सक्ती प्रदूषणाच्या नियमांतून आली. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे भारत स्टेजच्या टप्प्यांबरोबर. इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही, म्हणून ती या सक्तीतून सुटली, आणि तिचे बरेचसे कोड कंपनीच्या कुलपात गेले. कॅलिफोर्नियाने ही फट ओळखून २०२६ च्या मॉडेलांपासून इलेक्ट्रिक गाड्यांसाठीही प्रमाणित माहिती सक्तीची करणारा नियम केला. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आपल्याला कायदा हवा आहे, आणि तो इलेक्ट्रिक गाड्या अजून वॉरंटीत आहेत तोवर हवा. वॉरंटी संपल्यावर या गाड्या गल्लीतल्या गॅरेजकडेच जाणार, आणि त्या मेकॅनिकच्या हातात आज काहीही नाही.

तोवर जॉब कार्डावर नुसतं ‘रिव्हर्स लागत नाही’ लिहू देऊ नका. ‘डी’ लागत होता का, ब्रेकचे दिवे लागले का, छोट्या बॅटरीचे व्होल्ट किती होते, हे लिहायला लावा. गाडी परत घेताना कोणता कोड निघाला तो बिलावर मागा, आणि बदललेला भाग हातात घेतल्याशिवाय सही करू नका.