साडूंचा मुहूर्त

बुधवारी सकाळी ८:३८ ला फोन वाजला की मी नाव बघत नाही. दाढीचा फेस पुसतो आणि ‘हो’ म्हणतो. आमचे साडू असतात. “चाळीसला टाकतोय. तयार राहा,” एवढंच बोलतात. मागून ताईंचा आवाज येतो, “अहो, दूध बघा.” दूध उतू जातं. त्या वेळी साडूंचा अंगठा मोकळा नसतो.

साडू हिंजवडीला डिलिव्हरी मॅनेजर आहेत. ही झाली पगाराची ओळख. लिंक्डइनवर ते ‘परिवर्तनाचे प्रवासी’ आहेत. माणूस अतिशय सज्जन. उसने पैसे आठवणीने परत करतो, सासूबाईंना स्वतः दवाखान्यात नेतो. फक्त पोस्ट कधी टाकावी, या एका प्रश्नाने त्यांना झपाटलंय. काय टाकावी, हा प्रश्न त्यांना कधी पडल्याचं मला आठवत नाही. सिलिंडर बदलताना त्यांना टीमवर्क कळतं, चतुर्थीला मोदकाची पारी फाटली की जोखीम व्यवस्थापन सुचतं. लिंक्डइन ३,००० अक्षरांची सोय देतं, साडू ती पुरेपूर वापरतात. दर वाक्यानंतर एक ओळ कोरी सोडतात, ती वेगळी.

वेळेचं मात्र शास्त्र आहे. पोस्टची वेळ लावून देणारी सॉफ्टवेअरं विकतात ना, त्या बफर, हूटसूट, स्प्राउट सोशल वगैरे कंपन्या लाखो पोस्ट तपासून मुहूर्त काढतात. मंगळ-बुध-गुरू यावर बहुतेकांचं साधारण जमतं. पुढे घटका-पळांवर मतभेद सुरू होतात आणि साडूंची झोप उडते. पंचांगात सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. साडूंचा सोमवार दिवसभर राहुकाळ, कारण लोक तुंबलेल्या मेल उपसत असतात. आणि शुक्रवारी दुपारनंतर पोस्ट? “सर्वपित्रीला साखरपुडा करशील का तू?” मला विचारतात.

वर्षात त्यांच्या संक्रांती दोन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. साडूंच्या साहेबांचे साहेब न्यूजर्सीत. त्यांच्यासाठी गुरुवारी एक खास पोस्ट असते, तिकडच्या सकाळी दहाची. म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. त्यामुळे ताईंच्या कुकरचीही वर्षातून दोनदा वेळ बदलते. अमेरिकन सरकारला याची कल्पना नसावी.

पोस्ट गेली की खरी कसोटी. पहिला तास म्हणजे ‘गोल्डन अवर’. आपल्या हिशेबात अडीच घटका. तेवढ्यात पोस्ट तरते नाहीतर बुडते, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून आम्ही सगळे सासरचे लोक कामाला. नुसतं ‘छान’ चालत नाही, पूर्ण वाक्य लिहावं लागतं. सासूबाईंचंही खातं त्यांनीच उघडून दिलं : ‘होम ऑपरेशन्स, ४२ वर्षांचा अनुभव’. वक्तशीरपणावरच्या पोस्टखाली सासूबाईंनी पूर्ण वाक्य लिहिलं, “वाचलं, पण मंगळवारी तुमचा डबा ओट्यावरच राहिला होता.” तेव्हापासून त्यांच्याकडून फक्त अंगठा घेतात.

मी एकदा धीर करून म्हणालो, “भाऊ, तिथे पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतच नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ मला जानेवारी संपता संपता मिळाला.” त्यावर त्यांनी, देवळात चप्पल घालून आलेल्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

परवा सांगलीला बायकोच्या मामेबहिणीचं लग्न होतं. बुधवार. मुहूर्त १२:३१ चा. कार्यालयात घड्याळाकडे डोळे लावून बसलेली माणसं दोनच, गुरुजी आणि साडू.

“किती वाजले हो?” गुरुजींनी विचारलं.

“बारा चोवीस. माझा साडेबाराचा आहे.”

“तुमचा?”

“पोस्टचा. लोक जेवताना फोन बघतात.”

“कुणी काढून दिला?”

“कंपन्या काढतात. खूप मोठा डेटा असतो.”

“ते झालं. पण कुठल्या गावचा?” गुरुजींनी पुडीतल्या अक्षता ताटात ओतल्या. “सूर्योदय गावागावाला वेगळा. आम्ही सांगलीचा धरलाय. तुमचा?”

साडू प्रथमच अडखळले. “अमेरिका धरून असावा.”

गुरुजी “बरं” म्हणाले आणि अंतरपाट धरायला माणूस शोधू लागले. समोर साडूच होते. एक टोक त्यांच्या हातात आलं.

मग मंगलाष्टकं. गुरुजींची संपली, तर एका आत्याबाईंनी स्वतः रचलेली पर्समधून काढली. चार पानं, दोन्ही घराण्यांतल्या सगळ्यांची नावं, आजेसासऱ्यांपासून. साडेबारा वाजले. अंतरपाटाचं एक टोक थरथरत होतं. खिशातला फोन दोनदा कुरकुरला, साडूंनी डोळे मिटले. १२:३१ लाही आत्याबाई वराकडच्या काकांपर्यंतच आल्या होत्या. गुरुजींचाही मुहूर्त टळला, पण ते शांत होते. मला वाटतं, या धंद्यात तीच विद्या.

पंगतीत साडूंनी मठ्ठा घेतला नाही. परतताना कराडला चहाला थांबलो, तिथे ४:१० ला त्यांनी पोस्ट टाकली, तेराव्याची पत्रिका टाकावी तशी. विषय अर्थातच अंतरपाट आणि पारदर्शकता. पुण्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

पोस्टला अकरा लाइक आले. मी मागे जाऊन सगळ्या पोस्ट मोजल्या. मंगळवारच्या, गुरुवारच्या, न्यूजर्सीच्या, ८:४० च्या. अकरा. ताई, त्यांची दोन मुलं, सासूबाई, मी, माझी बायको, दोन मामा, एक मामी, खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका आणि अकरावे साडू स्वतः.

त्यांना मी हे सांगितलेलं नाही. तुम्ही येत्या बुधवारी सकाळी ८:४० ला मोकळे असाल तर बघा, बारावा माणूस हवाय.