नळीबहाद्दर

कॉम्प्युटर कुणी कामासाठी घेतं, कुणी पोरांच्या अभ्यासाच्या नावाखाली स्वतःला पत्ते खेळायला घेतं. नळीबहाद्दर कॉम्प्युटर घेतो तो थंड करायला. यंत्र काय करतं, कुणासाठी करतं, यात त्याला फारसा रस नाही. ते तापतं, हा त्याचा एकमेव गुण. उद्या न तापणारा कॉम्प्युटर बाजारात आला तर हा माणूस परवापासून मधमाश्या पाळायला लागेल.

हा वाण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतच निपजतो असं समजू नये. अक्कलकुव्याहून घाट चढून सातपुड्यात काठीपर्यंत या. ऑनलाइनच्या दुकानात, सातबारे, जातीचे दाखले आणि रेशनकार्डांच्या झेरॉक्सांच्या गठ्ठ्यामागे तो बसलेला असेल. खूण सोपी आहे. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा उघडाबोडका, त्यातून गवंड्याच्या लेव्हलच्या दोन पारदर्शक नळ्या बाहेर आलेल्या, नळ्यांत हिरवं पाणी, आणि नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला, खिळ्यावर टांगलेलं एक जाळीदार चौकोनी खोकं. दाखल्यासाठी आलेले आबा सहज विचारतात, "भाऊ, हे काय रे?" इथेच आबांचं चुकतं. दाखला पाऊण तास पुढे जातो.

"गाडीचा हीटर आहे, आबा."

सातपुड्याच्या घाटात जीपने फिरलेल्या माणसाला गाडीत हीटर असतो हे पटवणं अवघड. तिथे ऊब द्यायचं काम सहप्रवासी करतात, आणि चोख करतात. पण मोटारीत तो असतो खरा. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं. त्यातलं थोडं पाणी डॅशबोर्डामागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि त्यावर पंखा मारायचा, की आत बसलेल्यांना गरम वारा. नळीबहाद्दर हे सांगताना खडूशिवाय हवेत आकृती काढतो. "एवढ्याशा खोक्यातून थंडीत चार-पाच हजार वॅट उष्णता निघते, आबा! कारण पाण्याच्या आणि हवेच्या तापमानात ७०-८० अंशांचा फरक असतो. माझ्याकडे फरक दहाचाच धरा. तरी पाचशे-सहाशे वॅट गेलेच ना बाहेर? आणि माझा कॉम्प्युटर खातो किती?"

इथे तो खाकरतो. सातबारा छापताना त्याचा कॉम्प्युटर पन्नास-साठ वॅट खातो. पूर्वीचा पिवळा बल्ब तेवढेच खायचा, आणि त्याला कुणी नळ्या लावल्या नव्हत्या.

या खुळाचे मूळ पुरुष अमेरिकेतले. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाची स्वस्त चिप काढली. वेग ३०० मेगाहर्ट्झ, पण चिपेला बाकी यंत्राशी जोडणाऱ्या 'बस'चा वेग ६६ वरून १०० केला की बहुतेक वेळा ती निमूटपणे ४५० वर पळायची. फुकटातल्या वेगाची पोरांना चटक लागली. पुढच्या चिपा जास्त तापणाऱ्या निघाल्या, पंखे घरघरून थकले, आणि पाण्याचा विचार पुढे आला. कॉम्प्युटरसाठीचे तयार रेडिएटर तेव्हा दुर्मीळ आणि महाग. मग ही मंडळी मोटारींच्या भंगारात शिरली. १९७७ च्या पाँटिॲक बॉनव्हिल गाडीचा हीटर तर त्यांच्यात घराण्याच्या दागिन्याचा मान पावला, कारण त्यावर १२० मिलिमीटरचे दोन पंखे शेजारी-शेजारी नीट बसायचे. पाणी फिरवायला जर्मनीच्या एहाइम कंपनीचा, माशांच्या टाकीत लावायचा पंप. गाडी कशीही असो, मासे जगोत न जगोत, आकडा वर गेला पाहिजे!

काठीत बॉनव्हिल मिळत नाही. म्हणून आमचे भाऊ घाट उतरून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे जातात. "मारुती चालेल, सुमो चालेल, पण जुना पाहिजे. तांब्या-पितळेचा. हल्लीचे ॲल्युमिनियमचे नकोत." भंगारवाला का म्हणून विचारत नाही, तरी भाऊ सांगतातच. प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की दोन धातूंची आणि पाण्याची मिळून बारीक बॅटरीच तयार होते, आणि त्यात बिचारं ॲल्युमिनियम झिजत जातं. भंगारवाला तोवर कानस घेऊन खोक्याच्या कडेला एक ओरखडा काढतो. आतून लाल चमकतं. "तांबं आहे," तो म्हणतो आणि भाव वाढवतो. रसायनशास्त्राच्या या तासाची फी नळीबहाद्दराने अशी अनेकदा भरलेली आहे.

घरी आल्यावर वहिनींच्या बादलीचं मरण. हीटरमध्ये आधी व्हिनेगर भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यातून चहापेक्षा कडक रंगाचं पाणी निघतं. मग एक तोंड बोटाने दाबायचं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावायचा आणि खोकं बादलीत बुडवायचं. बुडबुडा आला की भोक. भोक असतंच. मग ते झाळून आणायला पुन्हा घाट उतरणं आलं. शेवटी क्लिपा, टेफलॉन टेप, एम-सील आणि स्वामींचं नाव, या क्रमाने सगळं घट्ट करायचं.

हत्यारांचं तर विचारूच नका. काठीची राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात नावाजलेली. ढोल, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा, रात्रभर नाच, आणि भल्या पहाटे पेटणारी होळी. त्या होळीचा भला उंच बांबू उभा करायचा खड्डा माणसं अवजार न लावता हातांनी खणतात. त्याच गावात आमच्या भाऊंना चार स्क्रू काढायला सात पेचकस लागतात, आणि नेमका लागणारा आठवा शेजाऱ्याकडे असतो.

खरी कसोटी मे महिन्यात. पंप आणायचा कुठून? एहाइमचा परवडत नाही. मग घरच्या कूलरची मोटर निघते. कूलर कोरडा, खोलीत चाळीस अंश, वहिनी पदराने वारा घेतायत आणि कॉम्प्युटर मात्र नळ्या लावून ऐटीत.

"अहो, माणसांचं काय?" वहिनी विचारतात.

"माणूस ३७ अंशांवर चालतो गं. त्याला थ्रॉटलिंग नसतं."

थ्रॉटलिंग म्हणजे फार तापल्यावर यंत्राने आपला वेग खाली आणणं, हे वहिनींना ठाऊक नाही, पण त्या दिवशी भाऊंच्या जेवणाचा वेग बराच खाली आणला गेला.

आणि मग आबा तो प्रश्न विचारतात, ज्याने नळीबहाद्दराचं सगळं ज्ञान उघडं पडतं. "भाऊ, एवढं सगळं करून पाणी मडक्यातल्याइतकं गार होतं का?" होत नाही. होऊच शकत नाही. रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेला देतो, म्हणजे पाणी हवेपेक्षा थोडं गरमच राहणार. खोली चाळीसची, तर पाणी चाळीसच्या वर. मडकं मात्र पाझरतं, त्याच्या अंगावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ते हवेपेक्षा गार पडतं. कूलरचंही तेच, आणि त्याची मोटर तर भाऊंनीच काढलेली! हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. पण मडक्याला पंखा बसवता येत नाही, नळी लावता येत नाही, आणि मुख्य म्हणजे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अशा वेळी तो मोठ्या माणसांच्या आड जातो. "ॲपलसुद्धा, आबा! २००४ साली त्यांनी पॉवर मॅक जी-५ ला पाणी लावलं. आणि ते काम दिलं कुणाला? डेल्फाय, मोटारींचे भाग बनवणारी कंपनी. जनरल मोटर्समधूनच फुटलेली. पाँटिॲकही त्यांचीच!" त्यातली कित्येक यंत्रं पुढे गळली, हे तो सांगत नाही. मग पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म महासंगणक येतो, त्यालाही पाण्याचीच थंडाई. आबा मान डोलावतात. महासंगणकावर त्यांचा वनपट्ट्याचा कागद निघेल का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

मला विचाराल तर या माणसाची गंमत त्याच्या निरुपयोगात नाही. उलट गावात इन्व्हर्टर बंद पडो, पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटो, शाळेतला टीव्ही मुका होवो, हाक यालाच जाते आणि हा जातोही. पैसे घेतो कधी, विसरतो कधी. फक्त जे दुरुस्त करायचं ते बिघडलेलं असावं ही त्याची अट. स्वतःच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत ती अट पुरी होईना, म्हणून त्याने त्यात पाणी सोडलं.

डिसेंबरात मात्र हिशेब उलटतो. डाब गावाच्या बाजूला पहाटे दवाचे थेंब गोठतात, काठीतही हात खिशाबाहेर निघत नाहीत. सकाळी दुकान उघडतं तेव्हा आबा, मोलगीच्या बाजाराला निघालेल्या दोन बाया आणि शाळेची पोरं आत येतात. हळूहळू सगळे सरकत सरकत त्या खोक्यासमोर गोळा होतात आणि पंख्यापुढे हात धरतात. हीटर त्याचं जन्मकर्म करू लागतो.

"ही शेकोटी नाही," नळीबहाद्दर दुखावून म्हणतो.

"पण भाऊ, ऊब पुरेशी लागत नाही," आबा म्हणतात. "जरा तापव ना अजून."

भाऊ क्षणभर गप्प. मग तो प्रोसेसरला उगाच मोठमोठी गणितं करायला लावणारा प्रोग्रॅम सुरू करतो. तापमानाचा आकडा वर चढतो, पंखा घोंगावतो, बाया पुढे सरकतात. त्याच्या कॉम्प्युटरला आयुष्यात पहिल्यांदा अंगभर काम मिळालं. आबांचा कागद मात्र निघाला नाही. सर्व्हर डाऊन होता.