बिनवायरीची सोयरीक

स्लाउ, इंग्लंड
20 जून 2004

ती. आई आणि ती. बाबा यांना,


परवा फोनवर आई विचारत होत्या, "काय करून राह्यला तो?" नेमकं तेव्हाच कार्ड संपलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. तर तुमचे चिरंजीव तीन दिवस जेवणाच्या टेबलावर मोबाइल आणि लॅपटॉप यांची सोयरीक जमवत होते.

झालं असं, की ह्यांच्या नव्या मोबाइलला कॅमेरा आहे. बाळाच्या पहिल्या दाताचा फोटो त्यात काढला आणि तो तिथंच अडकला. बाहेर काढायची वायर वेगळी विकत घ्यावी लागते. बिनवायरीचं काम मात्र फुकट, कारण मोबाइललाही आणि लॅपटॉपलाही काळपट लाल रंगाची इवलीशी खिडकी असते, तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड जातो. इन्फ्रारेड म्हणतात त्याला. फुकट म्हटल्यावर हे कुठले वायर घेतात! बाबा, हा गुण कुणाकडून आला ते मी लिहीत नाही.

पहिल्या दिवशी अर्धा तास मोबाइल धरून बसले ते लॅपटॉपच्या भलत्याच भोकासमोर. ते भोक लॅपटॉप चोरीला जाऊ नये म्हणून साखळी अडकवायचं होतं. खरी खिडकी सापडली दुसऱ्या बाजूला, पण ती आतून बंद केलेली. लॅपटॉप सुरू होताना एक निळा पडदा उघडून तिला चालू करावं लागतं, हे कळेपर्यंत माझी पिठलं-भाकरी गार झाली.

दुसऱ्या दिवशी खरी गंमत. दोघांनी अगदी समोरासमोर बसायचं, एक मीटरच्या आत. जरा तिरकं झालं की नजरानजर संपली. मध्ये वाटी आली, बाळाचा हात आला, की अंतरपाट धरलाच म्हणून समजा. आणि मोबाइलची खिडकी उघडल्यावर दोन मिनिटांत बोलणी सुरू झाली नाहीत, तर ती आपसूक बंद. म्हणजे मुहूर्तही टळतो! हे दर दोन मिनिटांनी नवा मुहूर्त काढत होते आणि मी बाळाला घेऊन करवलीसारखी उभी. एकदा लॅपटॉप गोड आवाजात वाजला, कोपऱ्यात चित्र उमटलं, ह्यांनी आनंदानं माझ्याकडं वळून बघितलं. वळताना हात हलला. मोडली सोयरीक.

मग ह्यांना शंका आली उन्हाची. इथं जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी सूर्य हलत नाही आणि संध्याकाळचं तिरपं ऊन थेट टेबलावर येतं. उन्हातही हाच न दिसणारा उजेड भरपूर असतो. आई, चुलीपासून हातभर लांब बसलं तरी तोंडाला धग लागते ना, ती बरीचशी त्याचीच. तेवढ्या झळीत त्या बिचाऱ्या मोबाइलची कुजबुज लॅपटॉपला कशी ऐकू यावी? वर्षभर या देशात ऊन नाही म्हणून कुरकुरायचं, आणि आलं तेव्हा मी खिडकीत चादर धरून उभी!

तिसऱ्या दिवशी चादरीच्या सावलीत लग्न लागलं एकदाचं. जमवायला तीन दिवस, आणि फोटो यायला? दहा सेकंदंसुद्धा नाही. हे छाती फुगवून म्हणाले, "सेकंदाला 1 लाख 15 हजार 200 बिट!" मी म्हटलं, तीन दिवसांचा हिशेब धरला तर बैलगाडीही पुढं जाईल.

खरी कमाल पुढं आहे. हा उजेड शोधला कुणी, तर आमच्याच गावातल्या माणसानं. विल्यम हर्शेल त्याचं नाव. मूळचा वाजंत्री, म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. युरेनस ग्रह त्यानं आधीच 1781 मध्ये शोधला होता. मग इथं स्लाउला राहायला आला आणि 1800 मध्ये लोलकातून उन्हाचे रंग पाडून एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत वर चढला. त्याच्या नावाचा रस्ता आहे इथं, मी तिथून रोज बाबागाडी ढकलत जाते आणि मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. त्याची बहीण कॅरोलाइन त्याच्या नोंदी ठेवायची, स्वतःही धूमकेतू शोधायची. तिला राजाकडून वर्षाला 50 पौंड पगार होता. चादर धरणाऱ्या बाईला कधी पगार मिळणार, असं मी विचारलं तर ह्यांना एकदम ऐकू येईनासं झालं.

हे आता म्हणतात, स्लाउचं नाव जगात मोठं. मी म्हटलं, इथल्या माणसानं आकाशाकडं बघितलं एवढंच, आमच्या लोणार तालुक्यात आकाशातला दगड स्वतः भेटायला आला!

बाबा, तुमच्या पत्रातलं रिमोटचं कोडंही यातूनच सुटलं. रात्री चालतो, दुपारी चालत नाही, सेल बदलून झाले, दुकानदार म्हणतो टीव्हीच बदला. काही बदलू नका. रिमोटही असलाच उजेड फेकतो. तुमचा टीव्ही ओसरीच्या दाराकडं तोंड करून आहे, दुपार कलली की ऊन सरळ त्याच्या डोळ्यात जातं. आईंचं एखादं जुनं लुगडं दाराला लावा आणि मग दाबून बघा. रिमोटला तळहातावर आपटू नका, त्याचा काही दोष नाही.

बाळाला दुसरा दात येतोय. आईंनी पाठवलेला गूळ आणि डिंक कस्टमवाल्यांनी हुंगून सोडून दिला.

फोटो सोबत ठेवला आहे. छापायच्या मशीनलाही तशीच लाल खिडकी आहे म्हणून हे पुन्हा टेबल आवरायला लागले होते. मी गुपचूप लॅपटॉप शेजारणीकडं नेला आणि तिच्या मशीनवर छापून आणला, वायर लावून. ह्यांना अजून वाटतंय, की रात्री ते झोपेत असताना दोन्ही खिडक्या आपोआप जुळल्या. पत्रात तसं काही विचारू नका.

तुमची सून