नीडफुल काका

प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत एक नीडफुल काका असतात. निवृत्त हेडक्लार्क, खिशाला दोन पेनं (त्यातलं लाल फक्त दुसऱ्यांच्या मसुद्यांसाठी) आणि कपाटात खाकी कव्हर घातलेलं रेन-मार्टिनचं व्याकरण. त्यातल्याच पी. सी. रेननं 1924 मध्ये 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहिली, हे सांगितलं तर काकांना पटत नाही. व्याकरणाचा माणूस असले उद्योग करेल?

गेटासमोर महापालिकेची पाण्याची लाइन फुटली की काकांना बोलावणं जातं. 'रिस्पेक्टेड सर' की 'डिअर सर' यात चहाची पहिली फेरी संपते. 'प्लीज' आणि 'काइंडली' एका वाक्यात आले, की काका पेनाला टोपण लावतात. "एकाच साहेबाला दोनदा मुजरा? काही मान आहे की नाही सोसायटीला?" शेवट मात्र चर्चेला नसतोच : 'काइंडली डू द नीडफुल अँड ओब्लाइज.'

तिसऱ्या मजल्यावरची सॉफ्टवेअरवाली एकदा म्हणाली, "काका, आता हे कुणी लिहीत नाही. परदेशातले लोक हसतात."

"इंग्रजच लिहायचे हे!"

खरंच लिहायचे. त्यांच्याकडे विसाव्या शतकात ते मागे पडलं, आपल्या कचेऱ्यांनी सांभाळलं. "त्यांनी टाकलं म्हणून आपण टाकायचं?" काका म्हणाले, "उद्या ते क्रिकेट टाकतील!"

'डिअर सर'खाली 'फेथफुली', नाव घालून लिहिलं तर 'सिन्सियरली', ही ब्रिटिश रीत काका कधी चुकत नाहीत. 'युवर्स'मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालणारा तर त्यांच्या लेखी मेन्टेनन्स थकवणाऱ्यापेक्षाही खालचा.

पत्र जातं. तारीख, संदर्भ, विषय, प्रत माहितीसाठी, सगळं जागच्या जागी. फक्त लाइन कुठे फुटली, ते राहतं. 'नीडफुल'मध्ये ते आलंच, असं काकांचं मत. महापालिकेतून मराठीत उत्तर येतं : 'नेमकी तक्रार काय, ते कळवावे.' त्यावर आपल्या पत्राचा जावक क्रमांक नाही, हे काका लाल पेनानं दाखवून देतात आणि स्मरणपत्राला बसतात. त्याला 'जेंटल रिमाइंडर' म्हणायला मात्र ते तयार नसतात. रिमाइंडर कसला जेंटल? तोवर गेटासमोर रिक्षा थांबेनाशा होतात, इतकं पाणी साचलेलं असतं.

राज्याचा मराठी राजभाषेचा कायदा 1964 चा. स्थानिक संस्थांनी कारभार मराठीतच करावा, असा वेगळा कायदाही 2022 मध्ये झाला. तेव्हा वाचकहो, अर्ज सरळ मराठीत करा आणि पाइप कुठे फुटलाय ते पहिल्या ओळीत लिहा. काकांकडे आवक-जावक रजिस्टर द्या. ते त्यांच्यासारखं कुणालाच ठेवता येत नाही.